पिकअप तापते ती नेमकी कुठे?

तांबट आळीतून बंब-घंगाळी किंवा कुंभारवाड्यातून माठ भरून निघालेल्या जुन्या पिकअपचा काटा लाल पट्टीकडे सरकला, की पुण्याच्या कसबा पेठेत निदान ठरलेले असते: रेडिएटर गेला. तो खोलला जातो. फरक पडला नाही तर वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलतात, मग आणखी काही. पैसे संपतात, पण गाडी तापायची राहत नाही. कारण सगळ्यात आधीचा, फुकटातला प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो: गाडी तापते कधी?

गल्लीबोळात, शनिवारवाड्यासमोरच्या कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येतो, तर रेडिएटरला दोष देण्याआधी पंखा पाहावा. गाडी वेगात असताना वारा आपोआप मिळतो. गर्दीत तो पंख्यालाच खेचावा लागतो. सैल बेल्ट, निकामी झालेले पंख्याचे कपलिंग, मागच्या दुरुस्तीत काढून परत न बसवलेले पंख्याभोवतीचे कडे, यांतले काहीतरी निघते. उलट गावात ठीक, पण माल भरून कात्रजचा किंवा दिवे घाट चढताना उकळते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. नळ्या चोंदल्या असतील, वॉटर बॉडीची पाती गंजून झिजली असतील, किंवा खालचा होज पाईप मऊ पडून ओढीने चपटा होत असेल. अर्थात घाटात खालच्या गिअरवर वेगही कमीच असतो, म्हणून पंखा ठीक आहे याची खात्री तिथेही आधी करावी. नळ्यांची परीक्षा सोपी आहे. गाडी तापवून इंजिन बंद करावे आणि रेडिएटरवर जपून हात फिरवावा. सगळीकडे ऊब असताना मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथून पाणी जातच नाही.

सर्वांत हट्टी गैरसमज थर्मोस्टॅटचा. ‘आपल्याकडे गरम हवा, काढून टाक तो वॉल्व्ह’ हा सल्ला कितीतरी गाड्यांवर अमलात आलेला दिसतो. हा वॉल्व्ह साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो. पुण्यातल्या मे महिन्याची हवासुद्धा त्याच्या निम्म्यावरच असते. तो नसला की इंजिन उशिरा तापते, डिझेल जास्त पिते आणि जास्त झिजते. शिवाय बऱ्याच इंजिनांत हाच वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परतते, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. ‘पाणी जोरात पळते म्हणून गार होत नाही’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण मात्र चूक आहे. वॉल्व्ह चिकटल्याचा संशय असेल तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. उकळेपर्यंत उघडला नाही तर नवा घ्यावा, पण ती जागा रिकामी ठेवू नये.

‘कूलंट बर्फाच्या देशातले, आपल्याला पाणी पुरे’ यात अर्धे तथ्य आहे: निव्वळ पाणी खरेच जास्त उष्णता वाहून नेते. पण ते गंज थांबवत नाही. त्यात पुण्याच्या काळ्या पाषाणातले बोअरचे जड पाणी भरले, तर क्षारांचे पुट आतून चढत जाते. म्हणून कूलंट, आणि त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. जुने कूलंट गटारात किंवा रस्त्यावर ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, गल्लीतली कुत्री ते चाटतात.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी पाहतच नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असलेल्या पुण्यात उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. ०.९ बारचे झाकण दाब धरते, तेव्हा तोच बिंदू ११७-११८ अंशांवर जातो. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर फाटले, तर बाकी सगळे शाबूत असूनही गाडी उकळते. सगळ्यात स्वस्त सुटा भाग हाच, म्हणून बदलायचा तर आधी हा. इंजिन गरम असताना मात्र त्याला हात लावू नये. दाब सुटताच पाण्याची वाफ होते आणि हात-तोंड भाजते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

गळका रेडिएटर हळद टाकून बंद करायची ड्रायव्हरांची युक्ती घरी पोचायला कामी येते. पण भोक बुजवणारी हळद बारीक नळ्याही बुजवते, हे लक्षात ठेवून ती लवकर धुऊन काढावी. जुना तांबे-पितळेचा रेडिएटर डाग देऊन दुरुस्त होतो; प्लॅस्टिकच्या टाकीचा अ‍ॅल्युमिनियमचा तसा होत नाही.

काटा खाली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. पाणी पूर्ण सांडले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उतरू शकतो. इंजिनाचा आवाज बदलला, ताकद गेली, तर काट्यावर न विसंबता थांबावे.

आणि गळती कुठे दिसत नसताना पाणी रोज कमी होत असेल, तर ‘उन्हाने उडाले’ म्हणू नये. पहाटे थंड इंजिन सुरू करताच वरचा होज कडक होतो का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, ऑइल दुधाळ दिसते का, हे पाहावे. अशी लक्षणे असली तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. हेड उतरवले की ते सपाट आहे का, हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्यावे. वाकलेल्या हेडखाली घातलेले नवे गॅस्केटही टिकत नाही.