डॉक्टर, तुम्ही चालता का?

‘रोज व्यायाम करा’ असं पेशंटला सांगणारे उद्याचे डॉक्टर स्वतः किती घाम गाळतात?

सकाळी विठ्ठलवाडी स्टेशनवर हातावर पांढरा एप्रन टाकलेले स्टुडंट्स हमखास दिसतात. कुणी मेडिकलचं, कुणी नर्सिंगचं, कुणी फिजिओचं. कुणाला कळव्याला उतरायचंय, कुणाला भायखळ्याला. यातल्या काहींना मी सरळच विचारलं, व्यायाम करता का? बहुतेकांचं उत्तर म्हणजे ओशाळं हसू. लेक्चर्स, वॉर्ड, जर्नल्स आणि वर लोकलचा प्रवास! हौसेनं भरलेली जिमची फी परीक्षा आली की बुडीत खाती.

मग पेशंटला काय सांगणार? इथे दोन तट पडले. काहींच्या मते ज्ञान महत्त्वाचं, सांगणाऱ्याची कंबर कुणी मोजत नाही. बाकीच्यांना मात्र आपण पाळत नाही ते दुसऱ्याला सांगताना जीभ अडखळेल असं वाटतं.

दुसऱ्या तटाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये पेशंट्सना आहार-व्यायामाचे दोन व्हिडिओ दाखवले. एकात डॉक्टर स्वतः काय खाते, कसा व्यायाम करते, हे जेमतेम अर्धा मिनिट जास्तीचं बोलली. टेबलावर सफरचंद आणि सायकलचं हेल्मेट होतं. बस्स, एवढ्यानं ती पेशंट्सना जास्त विश्वासार्ह वाटली, तिच्यामुळे व्यायामाचा हुरूपही जास्त आला.

आणि हे पेशंट कोण, तर तुम्ही-आम्हीच! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या आकडेवारीनुसार, २०२२मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती. गरज तरी किती? आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं किंवा तत्सम मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण. एका दमात किमान दहा मिनिटं व्हायलाच हवीत, ही जुनी अटही २०२०मध्ये गेली. म्हणजे रिक्षा सोडून भरभर चाललेली पाच मिनिटंही हिशेबात धरायची.

एप्रनवाल्या दोस्तांनो, तुम्हाला कुणी मॅरेथॉन धावायला सांगत नाहीये. पण गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक पेशंटच्या वाट्याला दोन-चार मिनिटंच येतात. तेवढ्यात नुसतं ‘व्यायाम करा’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्हाला वेळ कधी मिळतो? गुडघे दुखतात का?’ असं विचारून बघा. हे प्रश्न ज्याने स्वतः वेळ काढायची धडपड केलीय, त्यालाच पटकन सुचतात.