नाव न सांगता मागायची वर्गणी

कोडोलीच्या भागात वर्गणी कशी मागायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. गणपतीची पावती फाडली जाते, जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीचा खर्च गाव वाटून घेतं, तालमीच्या हौद्यात नवी माती टाकायची तर पोरं घरोघर फिरतात. उसाच्या बिलातून टनामागे होणाऱ्या कपातीचा हिशेब तर घरातल्या आजीलाही तोंडपाठ असतो. पन्हाळा तालुक्यातल्या या गावात अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं ठाणं होतं, दवाखाना होता. त्यासाठी सातासमुद्रापलीकडची माणसं, कधी न पाहिलेल्या गावातल्या कधी न भेटलेल्या आजाऱ्याकरता, पैसे पाठवत होती. आणि याच जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील जन्मले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी त्यांनी मुष्टिफंड काढला. घरच्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते गोळा होऊन मुलांच्या ताटात जायचं. ते कोणत्या मुलाच्या पोटात जाणार, त्याचं नाव काय, जात काय, हे ती बाई विचारत नसे.

मुष्टिफंड आज आठवण्याचं कारण हेच. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यातून सावरत मोठ्या झालेल्या माणसांसाठी पैसा उभा करायचा, तर तो याच रीतीनं करावा लागतो: नाव न सांगता आणि नाव न विचारता. इंटरनेटवरच्या मदतीची सगळी रीत मात्र याच्या नेमकी उलट आहे. तिथं आधी चेहरा लागतो.

या भागाला इंटरनेट नवं नाही. कोडोलीला लागून असलेल्या वारणानगरात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. देशातल्या बहुतेक खेड्यांनी संगणक पाहिलाही नव्हता, तेव्हा कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सत्तरेक गावं तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या जाळ्यातून संगणकाला जोडली गेली. आपल्या उसाचं वजन किती भरलं, बिल कधी निघणार, हे शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावर कळू लागलं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशावर हेच काम करून पाहिलं. म्हणजे माहिती मिळाली की माणसाचा हेलपाटा वाचतो, हे वारणेकाठानं फार लवकर अनुभवलं. पण घरातल्या एका गोष्टीबद्दलची माहिती ना त्या संगणकावर आली, ना चावडीवर.

ती गोष्ट किती मोठी आहे, हे २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या अभ्यासानं दाखवलं. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो अहवाल झाला होता. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. सोसणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्तच होते. अत्याचार करणारे निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातले होते आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे आहेत आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. हे फक्त नोंदलेले गुन्हे. न नोंदलेल्यांसाठी आपल्याकडे एक म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण किती मुलांच्या तोंडावर हात ठेवून उच्चारली गेली असेल, या विचारानं माझा जीव गुदमरतो.

ती मूठ पहिल्यांदा सगळ्या देशासमोर उघडली १३ मे २०१२ च्या रविवारी. स्टार प्लस आणि दूरदर्शनवर ‘सत्यमेव जयते’चा दुसरा भाग याच विषयावर होता. मुंबईच्या हरीश अय्यर यांनी लहानपणी आपल्यावर घरातल्याच माणसाकडून काय गुदरलं ते स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी सांगितलं. शेवटी आमिर खान लहान मुलांसोबत बसून शरीराच्या कोणत्या जागी कुणी हात लावू नये, लावला तर काय करायचं, हे हसत-खेळत बोलले. तेवढाच तुकडा पुढे वर्षानुवर्षं फोनवरून फिरत राहिला. त्या भागाच्या निमित्तानं प्रेक्षकांकडून मागितलेली मदत ‘चाइल्डलाइन’साठी होती. त्या मुलांच्या वतीनं काम करणाऱ्या संस्थेसाठी मागणी केली गेली, कुणा एका मुलाचा फोटो दाखवून नव्हे. माझ्या मते या विषयावर जाहीरपणे पैसे कसे मागावेत याचा तो आपल्याकडचा चांगला धडा होता.

तेव्हा मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारं पॉक्सो विधेयक राज्यसभेनं संमत केलं होतं आणि लोकसभेत यायचं होतं. २२ मे रोजी तेही झालं आणि १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, कायदा लागू झाला. मुलगा-मुलगी असा भेद न करणारा हा कायदा आहे. तक्रार घेणारा पोलीस मुलासमोर गणवेशात नसावा, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यावा, खटला शक्यतो वर्षात संपवावा, असं तो सांगतो. कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा ठरतो. आणि तेविसावं कलम सांगतं की मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, एवढंच काय, शेजारपाजारसुद्धा ओळख पटेल असा छापायचा नाही. हे कलम मोडणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

या कलमातला ‘शेजार’ हा शब्द खेड्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मुंबईत ‘अंधेरीतली दहा वर्षांची मुलगी’ म्हटलं तर ती हजारांत एक असते. कोडोलीसारख्या गावात वर्ग, गल्ली आणि वडिलांचा धंदा एवढं सांगितलं की संध्याकाळपर्यंत घर सापडतं. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच अधोरेखित केलं: नाव गाळून भागत नाही, ज्यावरून ओळख लागेल असं काहीही उघड करायचं नाही. आई-वडिलांची परवानगी आहे, म्हणूनही चालत नाही. मुलाच्या हिताचं असेल तर ती मुभा विशेष न्यायालयच देऊ शकतं. त्याच वर्षी कठुआत अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीचं नाव आणि फोटो छापणाऱ्या वृत्तसंस्थांकडून दिल्ली उच्च न्यायालयानं प्रत्येकी दहा लाख रुपये भरून घेतले आणि ते जम्मू-काश्मीरच्या पीडित भरपाई निधीत वळवले.

तरीही दर मोठ्या घटनेनंतर आपल्या फोनवर काय येतं? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार घ्यायलाही विलंब झाला होता. लोकांचा संताप रास्त होता; २० ऑगस्टला बदलापूरची रेल्वे तासन् तास थांबली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, पुढे शाळांमधल्या सुरक्षेसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. पण अशा वेळी ‘न्याय मिळेपर्यंत शेअर करा’ म्हणत नाव, शाळा, घराचा फोटो फिरवणारा माणूस त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका दिवसाला बांधून टाकत असतो. अत्याचाराचं चित्रण पुढे पाठवणं तर, हेतू कितीही चांगला असला तरी, कायद्याच्या कचाट्यात येतं. असं चित्रण कळवायची जागा वेगळी आहे. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ साली कामाठीपुऱ्यात सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या ‘आरंभ’ उपक्रमानं ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनसोबत २०१६ मध्ये अशी पहिली भारतीय हॉटलाइन उघडली. सरकारचं सायबर गुन्ह्यांचं पोर्टलही आहे.

मोठेपणी स्वतःच्या नावानं बोलणाऱ्यांची गोष्ट निराळी. तो त्यांचा हक्क आहे. मुंबईच्या चित्रपटकर्त्या इन्सिया दारीवाला यांनी लहानपणच्या अत्याचाराबद्दल स्वतः बोलून, मुलग्यांवरच्या अत्याचाराकडे लक्ष द्या अशी ऑनलाइन याचिका मांडली. तत्कालीन मंत्री मनेका गांधी यांना तिची दखल घेऊन मुलग्यांबाबत अभ्यास व्हावा असं म्हणावं लागलं. ‘पोरगा आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या समाजात ही सह्यांची मोहीम मला लाखांच्या देणगीइतकी मोलाची वाटते. मात्र मोठ्यानं बोलायचं की गप्प राहायचं हे सोसलेल्यानंच ठरवायचं. संस्थेनं निधीसाठी त्याच्याकडून गोष्ट वदवून घेऊ नये, दात्यानंही ती मागू नये.

पैसा लागतो कशाला, असं विचारणारे भेटतात. सरकारची ‘मनोधैर्य’ योजना आहेच की! आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून ती सुरू आहे, सुरुवातीला तीन लाखांपर्यंत, सुधारणेनंतर दहा लाखांपर्यंत. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून जातो. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समितीकडून रक्कम मिळण्याची आणि खटल्यात मुलासोबत राहणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची सोय आहे. पण जिथं आरोपी घरातला कमावताच असतो तिथं दुसऱ्या दिवशीची चूल पेटायची कशी? आईनं कोर्टाच्या तारखेला मजुरी बुडवायची किती वेळा? मुलाला समुपदेशन दोन महिन्यांत पुरत नाही. कधी ते थांबतं आणि दहावीच्या वर्षी, लग्नाच्या वेळी, स्वतःचं मूल झाल्यावर पुन्हा लागतं. आणि वीस-तीस वर्षांपूर्वी सोसलेल्या, तक्रार कधीच न झालेल्या बाईला वा पुरुषाला तर कोणतीच योजना लागू पडत नाही, कारण योजनेला गुन्ह्याची नोंद लागते. या रिकाम्या जागा समाजाच्या पैशानंच भरतात. पूजा तापडिया यांनी मुंबईत उभी केलेली ‘अर्पण’ संस्था शाळाशाळांतून मुलांना स्वतःच्या सुरक्षिततेचं शिक्षण देते आणि सोसलेल्यांना समुपदेशन. असं काम पगारी, प्रशिक्षित माणसांशिवाय होत नाही. ‘पगारावर का खर्च करता, मुलांवर करा’ असं म्हणणाऱ्या दात्यानं हे लक्षात घ्यावं की इथं समुपदेशकाचा पगार हाच मुलावरचा खर्च आहे.

देणाऱ्यानं डोळे उघडे मात्र ठेवायलाच हवेत. कुलाबा आणि मुरुडला ‘अँकरेज’ नावाची आश्रयगृहं होती. रस्त्यावरच्या मुलांना छप्पर, जेवण, शाळा. वरून पाहिलं तर पुण्यकर्मच. २००१ मध्ये तिथल्या मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार झाली. ती आश्रयगृहं चालवणारा डंकन ग्रँट आणि त्याचा साथीदार अॅलन वॉटर्स, हे दोघे ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयानं सोडलं आणि १८ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं त्या मुलांनी वाट पाहिली. मुलांच्या नावानं चाललेली जागाच मुलांना गिळू शकते, हे या खटल्यानं शिकवलं.

म्हणून फोनवर आवाहन आलं की गणपतीच्या वर्गणीला लावतो तीच चौकशी लावा. आपल्याकडे नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून ४१ क ची परवानगी घ्यावी लागते. मग मुलांच्या नावानं मागणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण आणि ८० जी ची पावती मागायला लाजायचं कारण नाही. मुलाचा फोटो, अगदी डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला का असेना, आवाहनात दिसला तर पैसे देऊ नका आणि का देत नाही ते कळवा. वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड आला तर थांबा. मुलांशी वागताना कर्मचाऱ्यांवर कोणते नियम आहेत, मुलानं तक्रार कुणाकडे करायची, हे संस्थेला विचारा. परदेशात असलेल्या आपल्या माणसांसाठी एक गोष्ट: भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या बचतीतून दिलेली देणगी परकीय गणली जात नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची गणली जाते आणि ती घ्यायला संस्थेकडे केंद्राची नोंदणी व दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या शाखेत खातं असावं लागतं.

कोडोलीत पोलीस ठाणं आहे, कोल्हापुरात जिल्हा न्यायालय आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात बसतं. अपिलासाठी मुंबईची गाडी धरायची वेळ या जिल्ह्यावरून टळली. उरतो तो घरातून बाहेर पडण्याचा पहिला टप्पा. शाळेच्या फळ्यावर, पतसंस्थेच्या भिंतीवर, दूध डेअरीच्या खिडकीपाशी दोन आकडे लिहून लावा, त्याला वर्गणीसुद्धा लागत नाही. मुलांसाठी १०९८. मोठेपणी मन सावरायला मदत हवी असेल त्यांच्यासाठी १४४१६. दोन्ही फोन विनाशुल्क आहेत, दोन्ही दिवसरात्र उचलले जातात.