खऱ्या रंगाची हार

1908 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल पॅरिसच्या गॅब्रिएल लिपमान यांना मिळालं, ते रंगीत छायाचित्रासाठी. लिपमान यांनी रंग खरोखरीच काचेत पकडला होता. पण त्याच्या आदल्याच वर्षी लियाँच्या ल्युमिएर बंधूंनी आपल्या रंगीत प्लेटा बाजारात आणल्या होत्या. त्या प्लेटांना लाल-निळं काही कळतच नव्हतं. त्यांच्यावर होता बटाट्याचा स्टार्च, आणि त्यामागे डोळ्यांना चकवण्याची एक नामी युक्ती. लोकांनी युक्ती उचलली आणि नोबेल मिळवणारी पद्धत प्रयोगशाळेतच राहिली.

या चकव्याचं मूळ आपल्याच डोळ्यांत आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या असतात. त्यांना प्रकाशाचे तीन घटक योग्य प्रमाणात मिळाले, की उरलेले सगळे रंग मेंदू स्वतःच तयार करतो. ही कल्पना थॉमस यंग यांची. ती पटवून देण्यासाठी 17 मे 1861 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एक प्रयोग दाखवला. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी स्कॉटिश चौकड्यांच्या फितीचे फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून काढले होते. फोटो अर्थातच काळे-पांढरे. मॅक्सवेलनी त्या-त्या रंगाच्या प्रकाशात ते पडद्यावर एकावर एक पाडले आणि फीत रंगीत दिसली.

खरं तर ती दिसायला नको होती. त्या काळच्या रसायनांना निळा प्रकाश कळायचा, हिरवा जेमतेम, लाल मुळीच नाही. निळ्या द्रावणातून सटनना सहा सेकंद पुरले, हिरव्यातून बारा मिनिटं लागली. मग लाल द्रावणातून आठ मिनिटांत चित्र उमटलं कसं? उलगडा व्हायला शंभर वर्षं जावी लागली. 1961 साली कोडॅकच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की फितीचा लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि लाल द्रावण ते आरपार सोडत होतं. ‘लाल’ म्हणून नोंदला गेला तो डोळ्यांना न दिसणारा अतिनील! मॅक्सवेलना मात्र फोटोंची हौस नव्हती. त्यांना डोळ्याविषयीचा सिद्धांत मांडायचा होता, तो मांडून ते पुढच्या कामाला लागले.

फ्रान्समध्ये लुई द्युको द्यु ओरों आणि कवी शार्ल क्रो या दोघांनी एकमेकांच्या नकळत, 1869 च्या सुमारास, तीन रंगांची पद्धत कागदावर पुरी मांडली. अडचण रसायनाचीच होती. ती बर्लिनच्या हर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये सोडवायला घेतली. प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवंही दिसू लागतं, हे त्यांना आढळलं. लाल दिसायला आणखी काही दशकं लागली.

लिपमान यांची वाटच निराळी होती. साबणाच्या फुग्यावर रंग चमकतात ते कुठल्याही रंगद्रव्याचे नसतात. पातळ पापुद्र्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून ते उमटतात. लिपमाननी 1891 मध्ये हेच तत्त्व वापरलं. अतिशय सूक्ष्म कणांच्या लेपामागे त्यांनी पाऱ्याचा आरसा ठेवला. येणारा आणि परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून लेपात स्थिर लाटा तयार झाल्या आणि त्यांच्या अंतरांनुसार चांदीचे थर बसले. लालसाठी थरांमधलं अंतर जास्त, निळ्यासाठी कमी. त्यावर पांढरा प्रकाश टाकला की मूळ तरंगलांबीच परत येते. इतकं प्रामाणिक छायाचित्र त्याआधी कुणी काढलं नव्हतं. पण एका चित्रासाठी मिनिटं मोजावी लागत, ते ठरावीक कोनातूनच दिसे आणि त्याची प्रत काढता येत नसे. गंमत म्हणजे या पद्धतीच्या प्लेटा सुधारायला ल्युमिएर बंधूंनीच हातभार लावला होता.

हे तेच ल्युमिएर, ज्यांचा सिनेमा 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. त्यांच्या ‘ऑटोक्रोम’ प्लेटांसाठी बटाट्याच्या स्टार्चचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण निवडून नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवत. ते एकत्र मिसळून चिकट काचेवर पसरत, फटींत कोळशाची पूड भरत, दाबून सपाट करत आणि वर काळा-पांढरा लेप चढवत. प्रकाश आधी कणातून जाई, मग लेपावर पडे. धुतल्यावर चित्र पाहायचं तेही त्याच कणांतून. म्हणजे तीन वेगळे फोटो घेण्याची गरजच उरली नाही. तीन फिल्टर लाखोंच्या संख्येने एकाच काचेवर आले. चित्र जरा अंधारलेलं असे आणि भर उन्हातही सेकंदभर स्तब्ध राहावं लागे. तरी हौशी माणसाला आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ती प्लेट घालता येत होती. पॅरिसचे बँकर आल्बेर कान यांनी छायाचित्रकार जगभर धाडून सुमारे 72,000 ऑटोक्रोम जमवले. त्यांतला स्तेफान पासे 1913-14 मध्ये भारतातही आला होता.

1935 मध्ये कोडॅक्रोम फिल्म आली आणि स्टार्च मागे पडला. पण 1970 च्या दशकात कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी रंगांधळ्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांचा पट बसवायची कल्पना पेटंट केली. तुमच्या मोबाइलचा कॅमेराही बहुधा याच पटावर चालतो. रंग पाहणारा माणूसच असेल, तर माणसाच्या डोळ्याला पुरेल एवढंच नोंदवणं हा शहाणपणा होता, असं मला वाटतं. लिपमाननी निसर्गाची पूर्ण नोंद ठेवली. तेवढी कुणाला नको होती.

स्वतः करून पाहायचं असेल, तर रशियाच्या सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या प्लेटा शोधा. झारच्या पाठिंब्याने, रेल्वेच्या डब्यात डार्करूम थाटून त्यांनी साम्राज्यभर तीन-तीन फोटो घेतले. आज ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. एका पट्टीवर वरचा फोटो निळ्याचा, मधला हिरव्याचा, खालचा लालचा. फोटो हाताळण्याच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक जुळवा. वाहत्या पाण्यावर रंगांच्या कडा सुटलेल्या दिसतील; तीन फोटोंच्या मधल्या वेळात पाणी हललेलं असतं. मुलांना सोबत घेऊन बसा, सुट्टीची एक दुपार पुरेल.