जयंतीचा आनंद आणि घरातल्या माणसाचा जीव

एप्रिल उजाडला की आपल्या वस्तीचे रूप पालटते. गल्लीत निळ्या पताका लागतात, घरांना रंग दिला जातो, मुले लेझीमचा सराव करू लागतात. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची जयंती, १४ एप्रिलला परमपूज्य बाबासाहेबांची जयंती आणि पुढे वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती. त्यातच लग्नसराई, मुलांच्या परीक्षा आणि अंगाची लाही करणारे ऊन. हे दिवस आपल्या आनंदाचे आहेत. पण याच दिवसांत आपल्या कितीतरी घरांत पैशाची ओढाताण होते, नवरा-बायकोत खटके उडतात, माणसे अंथरूण धरतात. याविषयी आपण उघडपणे बोलत नाही. ते बोलले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलची संध्याकाळ होती. मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि एक भगिनी स्वतःच्या उंबऱ्यातच चक्कर येऊन कोसळली. ती पहाटे चारला उठली होती. तीन घरची धुणीभांडी उरकून आली, मग गावाहून आलेल्या पाहुण्यांसह चौदा माणसांचा स्वयंपाक केला. स्वतः मात्र दिवसभरात एक कप चहा घेतला होता. रक्तदाबाची गोळी संपून आठ दिवस झाले होते. ती आणायला पैसे नव्हते. मुलांचे कपडे आणि जयंतीची वर्गणी यांसाठी तिने कानातली फुले गहाण टाकली होती, हे नंतर कळले. त्या वर्गणीची पावती मीच फाडली होती. मी मंडळाचा खजिनदार. दवाखान्याच्या बाकावर बसून त्या रात्री मी स्वतःलाच विचारले, की हा पैसा जमा करून आपण कोणाची जयंती साजरी केली?

ती भगिनी बरी झाली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धर्म समजावून सांगितला. त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजच्या कामगाराच्या घरालाही लागू पडतो. हातावर पोट असणाऱ्याला अगदी असेच चार भाग जमणार नाहीत, हे मान्य. पण सण खर्चाच्या भागातूनच व्हावा, संकटाच्या भागाला हात लागू नये, एवढे तरी आपण पाळू शकतो.

याचा साधा हिशेब पाहा. सावकाराकडून शेकडा पाच दराने दहा हजार रुपये घेतले, तर महिन्याला पाचशे रुपये नुसते व्याज जाते. वर्षभरात सहा हजार रुपये भरूनही मुद्दल जिथल्या तिथे! उलट मे महिन्यापासून बचत गटात दरमहा तीनशे रुपये टाकले, तर मार्चअखेर ३,३०० रुपये हाती येतात. त्यात जेवढे बसेल तेवढेच करावे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाची आपण लेकरे आहोत. त्याच्या जयंतीसाठी कर्ज काढणे आपल्याला शोभत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी नवरा-बायकोने आणि जाणत्या मुलांनी एकत्र बसावे. वहीच्या एका पानावर लिहावे: वर्गणी किती, कपडे किती, पाहुण्यांचा खर्च किती, औषधे किती. औषधे आणि मुलांच्या शाळेचा खर्च सर्वांत वर लिहावा. मुलांपासून परिस्थिती लपवू नये. समजावून सांगितले तर मुले समजून घेतात. अंधारात ठेवले तर हट्ट करतात.

आता कामाची वाटणी. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. आपण पुरुष हे व्यासपीठावरून सांगतो आणि घरी येऊन पाण्याचा तांब्या मागतो. जयंतीच्या दिवशी भाजी चिरणे, पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे पुरुषांनी आणि मुलग्यांनी केली, तर घरातली माऊलीही पांढरी साडी नेसून वेळेवर वंदनेला येईल. तिचाही बाप बाबासाहेबच आहे. चार घरांनी मिळून एकत्र स्वयंपाक केला तरी प्रत्येकीचा भार हलका होतो.

शरीराकडेही लक्ष हवे. मिरवणुकीला जाताना पोटभर खाऊन निघावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहू नये. उन्हाने थकवा आला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच हे घ्यावे. कोणाचे अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी घालावे आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाबासाहेबांनी मधुमेह सोसत आपल्यासाठी देह झिजवला, पण औषधोपचार नाकारले नाहीत, हेही आपण ध्यानात ठेवावे.

सोण नावाच्या भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेतले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. उत्साहाचेही तसेच आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा कायदा आहे. सरकार काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देते. पण सवलत असली तरी शेजारच्या खोलीत तान्हे मूल आहे, आजारी म्हातारा आहे, परीक्षेचा विद्यार्थी आहे, हे विसरू नये. आणि पंचशील घेतलेल्या माणसाने त्याच रात्री दारू पिऊन घरी यावे, याइतके घरच्यांच्या जिवाला दुसरे दुःख नाही.

काही घरांत सणाच्या दिवशीच गेलेल्या माणसाची आठवण दाटून येते. कोणाचे काम सुटलेले असते. अशा घरी जाऊन चार शब्द बोलावे, त्यांना वर्गणी मागू नये. झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते असे कोणी म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. रोज सकाळी दहा मिनिटे विहारात किंवा घरातच शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. त्यानेही मन थोडे स्थिर होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही मंडळाच्या सभेत वर्गणीचा ठरलेला आकडा काढून टाकला. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे. ज्याला जमत नाही त्याने श्रमदान करावे, त्याचा मान तेवढाच. पहिल्या वर्षी रक्कम कमी जमली. रोषणाई थोडी कमी केली आणि मिरवणुकीच्या वाटेवर पाण्याची दोन पिंपे जास्त ठेवली.

त्या वर्षी ती भगिनी पांढरी साडी नेसून वंदनेला पहिल्या रांगेत बसली होती. कानातली फुले अजून सुटली नव्हती. पण गोळी घेऊन, जेवून आली होती.

जयभीम!