परसातली भाजी आणि घरची औषधे



उसाची लागण, खत, पाणी, तोडणी यांवर या पत्रिकेतून वेळोवेळी लिहिले जातेच. या खेपेस विषय जरा घराजवळचा घेतला आहे. न्हाणीच्या पाण्यावर चार वांगी, दोन मिरच्या, एक दोडक्याचा वेल आणि एखादे लिंबू नाही अशी वस्ती आपल्याकडे विरळाच. ही बाग बहुधा घरच्या बाईमाणसांच्या हातची असते. तिच्यात मावा पडला, की धनी गोठ्यातल्या फळीवरून उसातल्या वाळवीसाठी आणलेली, तळाशी उरलेली बाटली काढतात आणि टोपणभर औषध अंदाजाने बादलीत ओततात. घोटाळा होतो तो इथेच.

आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. त्याला सुरुवातीला दिलेले औषध आणि तोडणी यांत भरपूर काळ जातो. परसातले वांगे मात्र आज फवारले तर परवा कालवणात पडते. फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही, हे डब्यावरच्या कागदावर पीकवार छापलेले असते. ज्या पिकाचे नावच तिथे नाही, त्याला ते औषध नाही, एवढा सरळ त्याचा अर्थ. आणि फवारणाऱ्याचे काय होऊ शकते ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा दारापुढच्या भाजीसाठी घरचीच औषधे बरी. पण तीही मापाने आणि रीतीने केली तरच.

पहिला मान निंबोळीचा. कडुनिंबाच्या पाल्यापेक्षा बियांत गुण जास्त. दहा लिटर फवाऱ्यासाठी वाळलेल्या निंबोळ्या अर्धा किलो घ्याव्यात, जाडसर कुटाव्यात आणि लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी फडक्यातून दोन-तीनदा चांगले पिळून घ्यावे. वीस ग्रॅम साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. मग पाणी घालून दहा लिटर भरावे. फवारणी दिवस कलल्यावर करावी. उन्हाने यातला गुण लवकर उडतो, शिवाय त्या वेळी मधमाश्याही पोळ्याकडे परतलेल्या असतात. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा.

पुष्कळांची तक्रार असते की, "मारलं, पण किडी तशाच हिंडतायत." निंबोळी झटपट मारणारे विष नव्हे. अळी पान खायचे सोडते, तिची कात नीट पडत नाही, अंडी घालणे कमी होते. म्हणून कीड थोडी असतानाच फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावे. वांग्याच्या शेंड्यात अळी एकदा आत शिरली की अर्क तिच्यापर्यंत पोचत नाही. मलूल झालेला शेंडा अळीसकट खुडून नष्ट करणे हाच तिथला इलाज. जाता जाता सांगायचे, तर निंब प्रत्येक किड्याला कडू लागत नाही. उसाला छळणाऱ्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला याच झाडावर पाला खायला जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. हे काम एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने एकदम करावे लागते.

निंबोळ्या नसतील तर मावा, पिठ्या ढेकूण यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर नुसते साबणाचे पाणीही चालते. दहा लिटरला पन्नास ग्रॅम पुरे, आणि ते किडीच्या अंगावर पडले तरच काम होते. साबण साधा, वडीचा घ्यावा. धुण्याच्या पावडरीने पाने करपतात. वेलांवरच्या लाल भुंगेऱ्यांसाठी चुलीची चाळलेली राख सकाळी दवात पानांवर धुरळावी.

मात्र फवारण्याआधी पान उलटून पाहावे. २००२ साली आपल्या महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हाची धांदल जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या माव्याला आवर घालण्यात मोठा वाटा होता तो डिफाची अळी आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा. परसातही तेच घडते. माव्यात ढालकिडा किंवा त्याची काळपट, खरबरीत अळी दिसली, तर चार दिवस हात आवरावा. ती अळी शत्रू समजून चिरडणारेच जास्त.

आता बुरशीचे रोग. टोमॅटोचा करपा, लिंबाचा डिंक्या यांवर बोर्डो मिश्रण हे जुने आणि खात्रीचे औषध. त्याचा शोध मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्डो गावाच्या आसपास रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मळेवाले वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८२ साली मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, त्या वेलांवर केवडा रोग नाही. पुढे प्रयोग करून १८८५ साली त्याने कृती जाहीर केली.

दहा लिटरसाठी शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना लागतो. मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावे. लोखंडी भांडे नको. चुना आधी थोड्या पाण्यात विरवून, गाळून, दुसऱ्या पाच लिटरमध्ये कालवावा. विरताना तो उकळतो, म्हणून डोळे सांभाळावेत. थंड झाल्यावर दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळत राहावे. निळसर दुधासारखे मिश्रण होते. त्यात लखलखीत विळा मिनिटभर बुडवून काढावा. पात्यावर तांबूस रंग चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, त्याने पाने जळतील. आणखी चुन्याचे पाणी घालावे. कोवळ्या रोपांना निम्म्या ताकदीचे मारावे. हे मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरू नये आणि निंबोळी अर्कात मिसळू नये, कारण चुन्याने अर्काचा गुण जातो. डिंक्यासाठी चुना-मोरचूद तेवढेच घेऊन पाणी फक्त लिटरभर घ्यावे आणि डिंक खरवडून बुंध्याला तो मलम लावावा. मोरचूद हे विषच आहे. ते लेकरांच्या हाती लागू देऊ नये आणि उरलेले पाणी विहिरीजवळ सांडू नये.

वेलांवरच्या पांढऱ्या भुरीला एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याने फवारून पाहण्याजोगे आहे. ब्राझीलमध्ये १९९९ साली भोपळ्याच्या जातीवर त्याचा चांगला गुण आल्याचे प्रसिद्ध झाले.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडणे किंवा पपईच्या पानांची नक्षी होऊन फळावर वर्तुळे उमटणे हे विषाणूचे रोग. यांवर घरचे किंवा दुकानचे कोणतेही औषध नाही. झाड उपटून टाकावे, जीव हळहळला तरी. भेंडीचा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पत्र्याच्या डब्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल चोपडावे आणि तो झाडांच्या उंचीवर टांगावा. माश्या चिकटतात.

तंबाखूचा काढा मात्र आम्ही सुचवणार नाही. कीड मरते हे खरे; पण त्यातले निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते, मधमाश्या मरतात, आणि तंबाखूतला विषाणू मिरची-टोमॅटोला लागू शकतो. ‘घरचे’ म्हणून ते सौम्य होत नाही.

शेवटची सूचना पंपाची. उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून परसात आणू नये. त्याचा अंशही टोमॅटो-वांग्याची पाने पिळवटून टाकतो, आणि आपण समजतो की बोकड्या आला. भाजीसाठी लहानसा हातपंप वेगळा ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी आणि तो तणनाशकाच्या फळीवर ठेवू नये.