डोक्याला 'ताप' अन् 'डूलॅली'! आपल्या देवळालीचं नाव इंग्रजी शब्दकोशात गेलं कसं?

देवळाली कॅम्प : सनावळ्या सुरू झाल्या की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात, हा प्रत्येक गुरुजींचा अन् बाईंचा अनुभव. अशा वेळी आपल्याच गावची गोष्ट कामाला येते. नाशिक तालुक्यातल्या शिक्षकांच्या हाताशी अशी एक झकास गोष्ट आहे. इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलं की तो 'डूलॅली' झाला म्हणतात. हा शब्द दुसरा-तिसरा कुठला नसून आपली देवळालीच!

गोष्ट अशी आहे

इंग्रजांनी १८६१ साली देवळालीत लष्करी तळ उभारला. रेल्वेने मुंबई बंदर सुमारे १८० किलोमीटरवर, शिवाय हवा मुंबईपेक्षा बरी. त्यामुळे विलायतेहून आलेले आणि नोकरीची मुदत संपवून परत निघालेले गोरे सैनिक इथे थांबवले जात.

खरी अडचण परतीच्या वाटेवर होती. सैनिकांना नेणारी जहाजं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. म्हणजे एप्रिलमध्ये ज्याची मुदत भरली, त्याला थेट दिवाळीच्या सुमारापर्यंत देवळालीत बसून राहावं लागे. नोकरी संपलेली, हाताला काम नाही, घर हजारो मैलांवर. वर उन्हाळा, नंतर पाऊस आणि डास. कुणी दारूच्या आहारी जाई, कुणी भांडणं उकरून काढी, कुणी आजारी पडे. फ्रँक रिचर्ड्स या इंग्रज सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या मुक्कामाबद्दल लिहून ठेवलं आहे.

अशा बिथरलेल्या गड्याला सोबती म्हणत, 'याला डूलॅली टॅप झाला.' देवळालीचं इंग्रजी तोंडात 'डूलॅली' झालं. आणि 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, तर हिंदुस्थानी 'तप', अर्थात आपला ताप! आपणही 'डोक्याला ताप झाला' म्हणतोच की. पुढे शेपटीचा 'टॅप' गळाला आणि नुसता 'डूलॅली' उरला.

टीव्हीवरही देवळाली

दुसऱ्या महायुद्धातही देवळालीचा तळ गजबजलेला होता. तिथल्या सैनिकांच्या नाटक मंडळीत जिमी पेरी हा तरुण होता. पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टसोबत याच तळावरच्या नाटक मंडळीची विनोदी मालिका लिहिली. बीबीसीवर ती १९७४ ते १९८१ या काळात चालली. आज देवळालीत भारतीय लष्कराच्या तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, हे तर पोरांना ठाऊकच असतं.

वर्गात कशी सांगाल?

आधी फळ्यावर 'डूलॅली' लिहा आणि हे कुठलं गाव ते ओळखायला सांगा. मग नकाशावर मुंबई, एडन, सुएझ, इंग्लंड अशी वाट बोटाने काढायला लावा. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जाणारी वाट किती लांब होती, तेही दाखवा. एप्रिल ते ऑक्टोबर महिने किती, हे मोजताना गणितही होतं. शेवटी 'बंगला', 'खाकी', 'चंपी' हे शब्द द्या. 'चंपी'च्या कुळातूनच इंग्रजांचा 'शाम्पू' निघाला, हे कळलं की पोरं आणखी शब्द हुडकायला लागतात.

एवढं जपा

एखादं पोरगं हमखास विचारेल, 'म्हणजे आपल्या गावाला वेडं म्हणतात का?' या प्रश्नाला बगल देऊ नका. हा शब्द इंग्रज सैनिकांनी इंग्रज सैनिकांसाठीच काढला. गावच्या लोकांशी त्याचा संबंध नाही. बिथरलं ते एकटेपणाने आणि रिकामपणाने घेरलेलं माणूस. गावाचं फक्त नाव चिकटलं.

दुसरं, मनाचा आजार हा चेष्टेचा विषय होऊ देऊ नका. घराची वाट बघत सहा-सहा महिने अडकलेल्या माणसाचं काय होत असेल, असं वर्गाला विचारा. शिकायला परगावी राहिलेली किंवा ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात अशी मुलं वर्गात असतील, तर सगळ्यात नेमकं उत्तर त्यांच्याकडूनच येईल.