मिनर्व्हा मिल : खटला अजरामर, गिरणी ओसाड

कायद्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘मिनर्व्हा मिल्स’ म्हणजे काय, असे विचारा. तो घडाघडा सांगेल : १९८० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, बेचाळिसावी घटनादुरुस्ती, राज्यघटनेची मूलभूत चौकट. पण ही गिरणी होती कुठे, तिथे काय चालायचे आणि आज तिची काय अवस्था आहे, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. ज्या वास्तूच्या नावावर देशाच्या घटनेचा एवढा मोठा निकाल नोंदला गेला, ती वास्तू आपल्या डोळ्यांदेखत झिजते आहे. तिची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

गिरणी कुठली?

मिनर्व्हा मिल बंगळूरची. मागडी रोडवर, गोपाळपुरा भागात, शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकापासून जवळच तिचे आवार आहे. रोमन पुराणात मिनर्व्हा ही विद्येची, कलाकौशल्याची आणि विणकामाची देवी. कापड गिरणीला याहून शोभणारे नाव मिळणे कठीण. बंगळूरमध्ये मिनर्व्हा सर्कल नावाचा एक प्रसिद्ध चौकही आहे, पण त्या नावाचा गिरणीशी संबंध नाही. तो चौक ओळखला जातो तो तिथल्या जुन्या मिनर्व्हा टॉकीजमुळे.

गिरणीची यंत्रे थांबून बरीच वर्षे झाली. मालकी केंद्र सरकारच्या नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनची, म्हणजे एनटीसीची. मधल्या काळात या आवारात कन्नड चित्रपटांचे सेट उभे राहिले. पडझड झालेल्या भिंती कॅमेऱ्याला उपयोगी पडतात, पण चित्रीकरण आटोपले की त्यांच्या डागडुजीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

आयटीच्या आधीचे बंगळूर

आज बंगळूर म्हटले की संगणक आठवतात. त्याआधीच्या पिढीला एचएएल, आयटीआय, एचएमटी आणि बीईएल हे सरकारी कारखाने आठवत. त्याच्याही आधीचे बंगळूर मात्र कापसाचे, लोकरीचे आणि रेशमाचे होते. १८८४ साली इथे ‘बंगळूर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल्स’ ही कंपनी निघाली. पुढे ती बिन्नी कंपनीच्या हाती गेली आणि ‘बिन्नी मिल’ म्हणूनच ओळखली गेली. मल्लेश्वरमच्या बाजूला राजा मिल होती. भोंगा, पाळी, जॉबर, बदली कामगार हे आपल्या परळ-लालबागचे जग म्हैसूर संस्थानातल्या या शहरातही नांदत होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले कामगार आणि बंगळूरचे गिरणी कामगार यांचा इतिहास जानकी नायर यांनी ‘मायनर्स अँड मिलहँड्स’ या पुस्तकात मांडला आहे.

या गिरण्यांपैकी राजा मिलच्या जागेवर २०१० साली मंत्री स्क्वेअर मॉल उघडला. शेजारच्या मेट्रो स्थानकाच्या नावात आज मॉल आहे, गिरणी नाही. बिन्नी मिलच्या जमिनीवर उंच इमारती आणि मॉल उभे राहिले. गिरणीचे नाव बिन्नीपेट या वस्तीच्या नावात तेवढे टिकले. त्यामुळे मिनर्व्हाच्या आवाराचे मोल आणखी वाढते.

सरकारने ती ताब्यात का घेतली?

१९६०च्या दशकात देशभरातल्या अनेक कापड गिरण्या डबघाईला आल्या. यंत्रे जुनी झालेली, मालक नवी गुंतवणूक करायला तयार नाहीत, उत्पादन घटलेले. अशा आजारी गिरण्या चालवण्यासाठी १९६८ साली एनटीसीची स्थापना झाली.

मिनर्व्हाचे उत्पादन घटत असल्याच्या कारणावरून २० ऑगस्ट १९७० रोजी केंद्र सरकारने उद्योग (विकास व नियमन) कायद्याखाली चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल जानेवारी १९७१मध्ये आला. गिरणीचा कारभार सार्वजनिक हिताला बाधक आहे, असा ठपका ठेवून १९ ऑक्टोबर १९७१ रोजी सरकारने तिचे व्यवस्थापन एनटीसीकडे सोपवले. पुढे १९७४च्या कायद्याने देशातल्या १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत मिनर्व्हा होती.

गिरणीच्या भांडणात राज्यघटना कशी आली?

मालकांना राष्ट्रीयीकरणाला न्यायालयात आव्हान द्यायचे होते. पण वाटेत एकामागे एक तीन दारे बंद होती.

पहिले दार नवव्या परिशिष्टाचे. एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीयीकरणाचा कायदा या परिशिष्टात टाकला होता. या परिशिष्टातल्या कायद्यांवर मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून बोट ठेवता येत नसे.

दुसरे दार अनुच्छेद ३१-गचे. आणीबाणीत, १९७६ साली झालेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढवली. राज्यधोरणाच्या कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वासाठी केलेला कायदा समतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या हक्काविरुद्ध जातो, एवढ्या कारणाने तो रद्द करता येणार नाही, अशी तरतूद झाली.

तिसरे दार सर्वांत भक्कम होते. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ३६८मध्ये दोन नवी कलमे घातली. घटना बदलण्याच्या संसदेच्या अधिकाराला मर्यादा नाही आणि घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असा त्यांचा अर्थ होता.

केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी सांगितले होते की, संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. हे तत्त्वच पुसून टाकण्याचा प्रयत्न या तिसऱ्या दारामागे होता. म्हणून गिरणीच्या मालकांचे वकील नानी पालखीवाला यांनी बेचाळिसाव्या दुरुस्तीच्या मुळावरच घाव घातला.

निकाल काय लागला?

पाच न्यायाधीशांच्या पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड, आपल्या पुण्यात जन्मलेले. ९ मे १९८० रोजी न्यायालयाने आदेश दिला आणि ३१ जुलैला सविस्तर कारणे जाहीर केली. संसदेला अमर्याद अधिकार देणारी कलमे पाचही न्यायाधीशांनी अवैध ठरवली. संसदेला मिळालेला अधिकार मर्यादित आहे. त्याचाच वापर करून ती स्वतःला अमर्याद अधिकार देऊ शकत नाही, हे त्यामागचे सूत्र. अनुच्छेद ३१-गची वाढवलेली व्याप्तीही चार विरुद्ध एक मताने रद्द झाली. न्यायमूर्ती भगवती यांनी या मुद्द्यावर वेगळे मत दिले.

गिरणीच्या मालकांना मात्र गिरणी परत मिळाली नाही. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याचा स्वतंत्र निवाडा १९८६ साली झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. मालक हरले. त्यांच्या खटल्यातून देशाला मिळालेले संरक्षण मात्र कायम राहिले.

मराठी वाचकाला इथे सोलापूर आठवेल. सोलापूरची ‘जुनी मिल’ १९४९ साली बंद पडली आणि जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. त्यावरून चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने केलेला खटला डिसेंबर १९५०मध्ये निकाली निघाला, आणि समतेच्या हक्काचा अभ्यास आजही त्या निकालाला टाळून होत नाही. आपल्या गिरण्यांनी देशाला कापड दिले, तसे घटनेचे अर्थही दिले.

बंद गिरणी ढासळते कशी?

गिरणी पाडावी लागते असे नाही. तिच्याकडे पाठ फिरवली तरी ती पडते. त्या काळच्या कापड गिरण्यांची बांधणी पाहिली की हे कळते. लांबून छप्पर करवतीच्या दात्यांसारखे दिसते. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेकडे तोंड करून असते आणि तिला काचा असतात. सूर्य वर्षातला बहुतेक काळ आपल्या दक्षिणेकडून जातो. त्यामुळे या काचांतून थेट ऊन न येता दिवसभर सारखा, सौम्य उजेड येतो. साच्यावर तुटलेला धागा कामगाराला दिसावा, म्हणून ही योजना.

दोन दात्यांच्या मधल्या खाचेत पन्हळ असते. अनेक जुन्या गिरण्यांत पन्हळीतले पाणी पोकळ बिडाच्या खांबांतूनच खाली उतरवले जाई. गिरणी चालू असताना पावसाळ्याआधी या पन्हळी साफ होत. गिरणी थांबली की पहिल्या वर्षी त्यांत पाला साचतो. दुसऱ्या वर्षी पाणी तुंबून भिंतीच्या माथ्यावर उतरते. तुळयांची लोखंडी टोके भिंतीत बसवलेली असतात, ती गंजू लागतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो विटा आतून रेटतो आणि भिंतीला तडा जातो. त्या तड्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. चुन्याच्या सांध्यांत त्याला ओल मिळते आणि काही वर्षांत मूळ बोटाएवढे, मग मनगटाएवढे होते. नुसते रोप छाटून उपयोग होत नाही, मुळे पुन्हा फुटतात. बंगळूरला मोसमी पाऊस झोडपतो, तसा परतीचाही झोडपतो. त्यामुळे भिंतीला वाळायला फारसा अवधी मिळत नाही.

माणसांचा हातही लागतो. आधी तांब्याच्या तारा जातात, मग नळ, मग सागाच्या चौकटी. पुढे कुणी घाईने तड्यांत सिमेंट भरले तर ओल आतच कोंडते आणि चुन्याची भिंत आणखी कमकुवत होते.

पुढे काय : तीन वाटा

पहिली वाट लिलावाची. २००२ पासूनच्या पुनर्वसन योजनांत एनटीसीने बंद गिरण्यांच्या जमिनी विकून उरलेल्या गिरण्यांच्या आधुनिकीकरणाला पैसा उभा केला. कर्नाटकात हासनला ‘न्यू मिनर्व्हा मिल’ नावाची नवी गिरणीही सुरू झाली. पण मार्च २०२०च्या टाळेबंदीत एनटीसीच्या गिरण्यांचे उत्पादन थांबले. जमीन विकून गिरण्या जगवायच्या, हा युक्तिवाद त्यानंतर लंगडा पडतो.

दुसरी वाट लोकांच्या उपयोगाची. मुंबईत दादरच्या इंदू मिलची जागाही एनटीसीचीच होती. ती आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय हाती घेतले. बंगळूरमध्येही २००३ साली बंद पडलेल्या म्हैसूर लॅम्प वर्क्सच्या आवारात शहराचा इतिहास सांगणारे केंद्र उभारण्याची योजना राज्य सरकारने मांडली. पोलंडमधल्या लॉज शहरात जुनी कापड गिरणी २००६ पासून ‘मानुफाक्तुरा’ नावाने बाजार आणि सांस्कृतिक केंद्र म्हणून चालते. विटांचा मूळ दर्शनी भाग तिथे जपला आहे.

तिसरी वाट आज चालू आहे : निर्णयच न घेणे. ही वाटही शेवटी लिलावाकडेच जाते, कारण भिंती पडल्यावर जपण्यासारखे काही उरत नाही.

मुंबईचा धडा विसरून चालणार नाही. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरण्यांची जमीन मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक यांत ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागायची होती. २००१च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. लोकांच्या हाती यायची होती त्यातली फारच थोडी जमीन आली. नियमातला एक शब्द गिरणगावाला केवढ्याला पडला, हे आपण पाहिले आहे.

आता काय करायला हवे?

मोठ्या स्मारकाची वाट पाहण्याची गरज नाही. चार कामे लगेच होऊ शकतात.

* इमारतींची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे घेऊन पूर्ण नोंद करणे.
* पन्हळी साफ करून छपराचे पाणी भिंतीपासून दूर नेणे आणि पिंपळाची मुळे जाणकारांकडून काढून घेणे.
* हजेरीपुस्तके, पगाराची कागदपत्रे आणि उरलेली यंत्रे भंगारात जाण्याआधी अभिलेखागारात हलवणे.
* हयात असलेल्या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करणे.

यानंतर आवारातला एक तरी भाग राखून तिथे दोन गोष्टी मांडाव्यात : बंगळूरच्या गिरणी कामगाराचे आयुष्य आणि या गिरणीच्या नावाने दिला गेलेला निकाल. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी संसदेच्या अधिकाराची मर्यादा जिथे शिकावी, अशी याहून योग्य जागा देशात सापडणार नाही.

जमीन केंद्र सरकारच्या कंपनीची आहे. म्हणजेच ती आपल्या सर्वांची आहे आणि तिच्याबद्दल विचारणा करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी, वकिलांनी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो हक्क बजावावा. एनटीसीला आणि कर्नाटक सरकारला पत्रे लिहावीत, माहिती मागावी. मिनर्व्हाचे निकालपत्र देशाच्या प्रत्येक विधी ग्रंथालयात जपून ठेवले आहे. गिरणीच्या भिंतीही तेवढ्याच निगुतीने जपायला हव्यात, आणि त्याची सुरुवात पुढच्या पावसाळ्याआधी व्हायला हवी.